वैरण

परवापर्यंत आमच्या गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत कडब्याची एक पेंढी उभी होती. सुतळीनं दोन जागी आवळलेली, वर जुनं पोतं टाकलेलं. मार्चात मंगळवेढ्याहून तीन पेंढ्या आल्या होत्या. दोन संपल्या, तिसरीची सुतळी सोडायची वेळच आली नाही. मे महिनाभर मी वाळवणं घालायला वर जात होते, पापड उलटून येत होते, पण त्या कोपऱ्याकडे बघत नव्हते.

आमचं घर सोलापुरात, भर वस्तीत. दारात ना गाय ना म्हैस. कडबा उतरवताना टेम्पोवाल्यानं विचारलं होतं, "बाई, जनावरं कुठं बांधता?" मी आत बोट दाखवलं. आत शहाबादी फरशीवर मागचे पाय ताणून आणि कान मागं टाकून आमचं जनावर पडलं होतं. वजन पावणेदोन किलो.

त्याचं नाव फुटाणा. २०१७ च्या पाडव्यानंतर आठवड्याभरात तो आला. लेक तेव्हा बालवाडी संपवून पहिलीत जाणार होती. बाजारात पिंजरे घेऊन बसणाऱ्या एकाकडून घेतला. मुठीत मावेल एवढा होता, म्हणजे आईजवळून फार लवकर काढलेला. सशाचं पिल्लू निदान आठ आठवडे तरी आईपाशी राहायला हवं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. विकणारा म्हणत होता, "जोडी घ्या ताई, एकटं झुरतं." मला वाटलं, दोन खपवायला बघतोय. आम्ही एकच आणला आणि सात वर्षं तो आमच्याकडे एकटाच ससा म्हणून राहिला. त्या माणसाचं तेवढं बोलणं खरं होतं. ससे कळपानं राहतात, एकमेकांचं अंग चाटतात, अंगाला अंग लावून झोपतात.

नाव लेकीनं ठेवलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भीती गेल्यावर तो एकदम हवेत उडाला, उडता उडता अंगाला पीळ देऊन उलट्या दिशेला उतरला आणि पुन्हा उडाला. भडभुंज्याच्या कढईतल्या तापल्या वाळूत फुटाणे उडतात, तसा. ससा खुशीत असला की असं करतो. आत्यांनी (माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) ते पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय रानातलं ससं न्हवं."

तेही खरंच होतं. आत्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीच्या काळ्या रानातलं. त्यांनी लहानपणी ढेकळांच्या आडोशाला बसलेले रानससे पाहिलेत. त्यांची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात. त्यांना बीळ लागत नाही, नुसता खळगा पुरतो. पाळीव पांढरा ससा मुळात स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडीबोडकी आणि आंधळी जन्मतात. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो. चंद्रावरचा तो ससा, कासवाशी शर्यत लावून झोपणारा तो ससा, आभाळ पडलं म्हणून पळणारा तोही ससाच. एवढ्या गोष्टी माझ्या पाठ होत्या. वीस वर्षं पहिलीच्या वर्गाला 'स सशाचा' शिकवतेय. पण सशाच्या तोंडात दात किती आणि ते कसे असतात, हे मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

सोलापूरचा उन्हाळा सशासाठी नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापाही फारशी टाकता येत नाही. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याजवळ असतात ते दोन कान. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि आमच्याकडे एप्रिलात तो चाळिशी ओलांडतो. म्हणून मार्च लागला की घराची मांडणीच बदलायची. माठाच्या तिवईखालची जागा फुटाण्याची. तिथली फरशी सतत झिरपून गार राहायची. दुपारी खिडकीला ओलं गोणपाट, पाण्याच्या बाटल्या बर्फ करून जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवलेल्या. मी शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी त्याचे कान बघायची. दिव्यासमोर धरलेल्या पिंपळपानासारख्या आतल्या तांबड्या शिरा दिसायच्या. हात लावला की कढत लागायचे. ओल्या बोटांनी कान पुसले की डोळे मिटून घ्यायचा. सात उन्हाळे हे असं चाललं.

त्याला पिंजरा नव्हता. घरभर फिरायचा आणि जे त्याला आपलं वाटेल त्याला हनुवटी घासायचा. हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात, त्यांचा वास लावून ठेवायचा. माठाची तिवई, लेकीचं दप्तर, आत्यांच्या पायांचे अंगठे, दळणाचा डबा, सगळं त्याचं झालं होतं. कुकरची शिट्टी वाजली की मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटायचा. बिळातल्या बाकीच्यांना धोका कळवायची ती रीत. बिळात दुसरं कोणी नव्हतं, आम्हीच होतो. मग लेक त्याच्याजवळ जाऊन सांगायची, "काही नाही रे, वरण शिजतंय."

आता खाण्याचं सांगते. सगळं तिथंच आहे.

आपल्या घरात प्रेम करायचं म्हणजे खायला घालायचं. पाहुणा आला की ताट, पोर रडलं की खाऊ, आजाऱ्याला पेज. फुटाण्यालाही आम्ही तसंच जपलं. गाजर तर रोजचंच, कारण चित्रातला ससा गाजर खातो. कोथिंबीर, मेथी, काकडी, सफरचंदाची फोड. सकाळच्या चहाला ह्यांच्या हातचा ग्लुकोज बिस्किटाचा तुकडा. रात्री पोळीचा पापुद्रा. पोळी लाटायला बसले की तो पुढचे दोन पाय माझ्या मांडीवर ठेवून उभा राहायचा आणि नाक हलवायचा. मग नाही म्हणवतच नसे. सगळं मऊ, सगळं ओलं, सगळं गोड.

आत्या पहिल्या वर्षापासून म्हणत होत्या, "जनावराला वैरण लागती. भाजीवर ठिवलंयस तू त्येला." त्या गच्चीवरच्या कुंड्यांमधली हरळी उपटून आणायच्या. गणपतीच्या दूर्वा निवडून झाल्या की उरलेली जुडी त्याच्यापुढं टाकायच्या. तो खायचा, पण शेजारी गाजर दिसलं की हरळी सोडून तिकडं वळायचा. मी म्हणायची, "बघा आत्या, त्याला आवडत नाही." आवडणं आणि लागणं वेगळं, हे मी वर्गातल्या मुलांच्या आयांना दर वर्षी पालकसभेत सांगते.

२०२० च्या टाळेबंदीत भाजी मिळेना. तेव्हा आत्यांच्या भाच्यानं ज्वारीच्या पोत्यांबरोबर दोन पेंढ्या पाठवल्या. मालदांडी ज्वारीचा कडबा, वाळून सोनेरी झालेला. आत्या धाटं बाजूला काढून पानं मोडून द्यायच्या. पहिले दोन दिवस फुटाणा रुसला, मग खायला लागला. घरात शांतता असायची, शाळा बंद, रस्ता बंद, आणि कोपऱ्यातून दिवसभर तो आवाज यायचा, करकर करकर. त्या चार-पाच महिन्यांत तो जितका तरतरीत दिसला तितका पुन्हा कधी दिसला नाही. रात्री अकरालासुद्धा घरभर उड्या चालायच्या. मला वाटलं, सगळे घरी आहेत म्हणून खूश आहे. बाजार उघडला तशी मी पहिल्याच दिवशी किलोभर गाजरं आणली.

२०२३ च्या जूनमध्ये तो निवडून खायला लागला. काकडी खायचा, गाजर तोंडात धरून सोडून द्यायचा. हरळीची काडी घ्यायचा, दोनदा हनुवट हलवायचा आणि काडी खाली. मी म्हटलं, लाडावलाय. संध्याकाळी मांडीवर घेतला की दात वाजवायचा. ससा समाधानात असला की दात हलके घासतो, मांजराच्या गुरगुरण्यासारखं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, ऐका, ऐका कसा खुशीत आहे. तो आवाज हलका नव्हता. मोठा, खरखरीत होता. दुखत असलं की ससा तसे दात खातो. दीड महिना मी ते दुखणं मांडीवर घेऊन लोकांना ऐकवत होते. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायला हवं.

आत्यांनीच पकडलं. एका सकाळी त्या खाली बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, भूक हाय त्येला. घास धरतंय अन् टाकतंय. दातात कायतरी हाय." बैल घेताना आधी तोंड उघडून दात बघतात, दोन दाती, चार दाती, जुळलेला, अशा घरात त्या वाढलेल्या. त्यांनी लेंड्याही दाखवल्या. निरोगी ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो, हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या. मी रोज झाडून कढीपत्त्याच्या बुंध्यात टाकायची, पण बघत नव्हते. त्या बारीक झाल्या होत्या, मिऱ्याएवढ्या, आणि काही केसांनी एकमेकींना जोडलेल्या.

इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "मी गाई-म्हशी-शेळ्या बघतो. सशाच्या दाढांचं काम मला येत नाही. पुण्याला न्या, मी नंबर देतो." त्या माणसाचे मी उपकार मानते. येत नाही म्हणणारा डॉक्टर भेटणं मोठं असतं.

सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. दिराची गाडी घेतली. फळांच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये चादरीची घडी, त्यात फुटाणा, मांडीवर क्रेट. इंदापूर गेलं, उजनीचं पाणी दिसलं, भिगवण गेलं. तो गाडीत एकदाही हलला नाही. मला वाटलं, शहाणा आहे. घाबरलेला ससा हलत नाही. त्याला खाणारे प्राणी आभाळातही असतात आणि जमिनीवरही. दुखतंय असं दाखवलं की संपलं. म्हणून तो शेवटपर्यंत काही दाखवत नाही.

पुण्याच्या डॉक्टर तरुण होत्या. कानात बघायचं ते बॅटरीवालं नळकांडं त्यांनी त्याच्या तोंडात बाजूनं सरकवलं आणि मला म्हणाल्या, "या, बघा." मी डोळा लावला. सशाचे पुढचे दात आपण रोज पाहतो, पण त्यांच्यामागं मोकळी जागा असते आणि मग खूप आत, गालात लपलेल्या दाढा. एकूण अठ्ठावीस दात, आणि सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला दोन-अडीच मिलिमीटर. ते झिजवायला त्याला दिवसभर राठ गवत चघळावं लागतं. गवत खाताना जबडा आडवा फिरतो, जात्यासारखा, आणि दाढा एकमेकींवर घासून सपाट राहतात. गाजर, काकडी, पोळी खाताना तो नुसता वरखाली होतो. त्या फिकट उजेडात मला खालच्या दाढेला आतल्या अंगानं आलेला काटा दिसला, बाभळीच्या काट्यासारखा. तो जिभेत रुतत होता. जिभेच्या कडेला पांढरी जखम होती.

"काय खायला देता?" त्यांनी विचारलं.

मी सांगत गेले. गाजर, मेथी, सफरचंद, पोळी. प्रत्येक शब्दाबरोबर माझा आवाज बारीक होत गेला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आखूड तोंडाच्या सशांमध्ये जबड्याची ठेवणही कारण असते, सगळा दोष खाण्याचा नसतो. मग विचारलं, "गवत?" मागं आत्या बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. घरी परत येईपर्यंतही बोलल्या नाहीत. "मी सांगत होते" एवढं त्या म्हणू शकल्या असत्या, पण त्यांनी ते आजपर्यंत म्हटलेलं नाही.

भूल देऊन काटे घासून काढले. माणसाला भूल द्यायची तर उपाशी ठेवतात. सशाला तसं ठेवत नाहीत, कारण त्याला उलटी होतच नाही आणि त्याचं पोट रिकामं राहणं हेच धोक्याचं. त्याची आतडी सतत चालती लागतात. बारा तास काही खाल्लं नाही तर ती थांबायला लागतात, आत वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. हे त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

त्यानंतरचे आठ-नऊ महिने आमचं घर फुटाण्याच्या पोटावर चाललं. काटे पुन्हा येतात, दर दोन-अडीच महिन्यांनी घासावे लागतात. ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च. प्रत्येक वेळी पुण्याहून आल्यावर आठवडाभर त्याला भरवायचं. कडब्याची पानं मिक्सरमधून काढायची, वस्त्रगाळ करायची, कोमट पाण्यात कालवायची. सुई काढलेली दहा मिलीची सिरिंज, तिचं टोक कापून गुळगुळीत केलेलं. फुटाण्याला चादरीत गुंडाळायचं, नुसतं तोंड बाहेर. सिरिंज समोरून घालायची नाही, बाजूनं, दातांमागच्या त्या मोकळ्या जागेतून. अर्धा मिली सोडायचा आणि थांबायचं. नाक हलतंय का, हनुवट हलतेय का, घोट गेला का. मग पुढचा अर्धा. एका वेळेला वीस मिली जायला पाऊण तास लागायचा. पहाटे पाचला एकदा, शाळेतून आल्यावर एकदा, रात्री झोपताना एकदा. दुपारचं आत्या करायच्या. त्यांचे हात कापतात, पण सिरिंज धरली की कापायचे नाहीत. हनुवटीखाली हिरवट-पिवळं सांडलेलं असायचं, ते लेक ओल्या कापसानं पुसायची आणि पुसताना त्याच्याशी दिवसभराचं सगळं बोलायची. मला न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी मी तशा ऐकल्या.

भरवून झाल्यावर त्याच्या पोटाला कान लावायचा. आत गुरगुर ऐकू आली की बरं वाटायचं. लेंड्यांची वही केली होती. सकाळी किती, संध्याकाळी किती, केवढ्या. ह्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा तिथंच ठेवला आणि रोज वजन लिहायला लागले. हे तसे अबोल. त्यांनी कधी फुटाण्याचा मुका घेतला नाही. पण वहीतल्या आकड्यांपुढं त्यांनी कधी कधी एखादा शब्द लिहिलाय. '१ किलो ७१०. छान.' '१ किलो ६४०. कमी.' '१ किलो ६९०. उडी मारली.'

एकदा माझ्या हातून भलतंच होणार होतं. त्याच्या जबड्याशी सूज वाटली. लेकीच्या घशासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिन उरलं होतं, तेच थोडं द्यावं म्हणून झाकण उघडलं. द्यायच्या आधी पुण्याला फोन केला हे नशीब. त्या जातकुळीची औषधं सशाच्या पोटात गेली तर आतड्यातले कामाचे जंतू मरतात आणि ससा दगावतो. घरात ससा असेल त्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं.

आणि या सगळ्यात कडबा. यंदा ज्वारी निघाली तशा तीन पेंढ्या आल्या. दाढा घासून आल्यावर दुखणं कमी झालं की तो स्वतः खायचा. पुन्हा तो आवाज यायचा, करकर करकर. आम्ही सगळे आपापल्या जागी थांबून ऐकायचो. गॅस बारीक करायची मी.

२९ एप्रिलला, सोमवारी संध्याकाळी, वहीत लेंड्यांपुढं मी ११ लिहिलं. त्या दिवशी उन्हानं शहर भाजून निघालं होतं. माठाखाली तो बसला होता, पण पसरून नाही, अंग गोळा करून, डोळे अर्धे मिटून. कडबा तोंडाशी नेला तर मान फिरवली. पोटाला कान लावला. आत काहीच नव्हतं. बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये उभं राहिल्यावर ऐकू येतं ना, तसं.

मंगळवारी सकाळी आधीच्याच डॉक्टरांकडे नेलं. आता तेही पुण्याच्या डॉक्टरांना विचारून बरंच शिकले होते. त्यांनी खांद्यांमध्ये कातडीखाली सलाइन सोडलं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, रात्रीपर्यंत वाट बघा, नाहीतर पुण्याला हलवा. उन्हात अडीचशे किलोमीटर नेणं म्हणजे वाटेतच घात. पहाटे चारला निघायचं ठरलं. क्रेटमध्ये चादर घातली, बर्फाच्या बाटल्या भरून ठेवल्या, दिरानं गाडी दारात आणून लावली.

रात्री दहाला मी त्याचे कान धरले आणि ते गार लागले.

सात वर्षं ज्या कानांची उष्णता उतरावी म्हणून मी ओली बोटं फिरवली, ते कान एप्रिलच्या त्या रात्री, पंख्याची हवासुद्धा झळ मारत असताना, गार होते. शरीर हरायला लागलं की सशाचं तापमान उतरतं. आत्यांनी गरम पाण्याची पिशवी भरून आणली. टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या पोटाशी लावली. आम्ही चौघं घामानं निथळत त्याच्याभोवती बसलो होतो आणि त्याला ऊब देत होतो. लेक कान दोन्ही तळव्यांत धरून बसली होती.

दोनच्या सुमाराला तो उठला. पिशवीपासून सरकत सरकत माठाच्या तिवईपर्यंत गेला. तिथं त्याच्या नेहमीच्या फरशीवर मागचे पाय ताणून आडवा झाला, अगदी बरा असताना व्हायचा तसा. मला क्षणभर वाटलं, उतार पडला. लेकही म्हणाली, "आई, बघ, पसरला." त्यानं हनुवट तिवईच्या पायावर टेकवली होती. अडीचला श्वास थांबला.

ह्यांनी अंगणात कढीपत्त्याच्या शेजारी खणायला घेतलं. मे महिन्याच्या तोंडची जमीन, टिकाव ठणकन परत यायचा. पाणी ओतून ओतून माती ओली केली आणि हातभर खोल खणलं. आत्यांनी मूठभर मीठ आणलं, कपाळावर सिद्धेश्वराची विभूती लावली. लेक आत गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. गाजर घेऊन दारापर्यंत आली, तिथं थांबली, परत आत गेली. मग जिना चढून गेली आणि अंधारात कुंडीतली हरळी उपटून घेऊन आली. मुळासकट होती. तिनं ती त्याच्या तोंडाशी ठेवली.

चार वाजता दीर गाडी सुरू करायला आला, तेव्हा आम्ही पाय धूत होतो.

सकाळी महाराष्ट्र दिन. शाळेत झेंडावंदन, मग निकाल. अशा मरणाला रजा नसते. आणि मागितली असती तरी अर्जात काय लिहायचं? इस्त्रीची साडी नेसून मी झेंड्याखाली उभी राहिले, गर्जा महाराष्ट्र म्हटलं, सदतीस प्रगतिपुस्तकं वाटली. एका आईनं विचारलं, "बाई, डोळे आलेत का?" मी उन्हाचं म्हटलं. माणूस गेलं तर सुतक असतं, लोक येऊन बसतात, दहा दिवस काय करायचं ते ठरलेलं असतं. इथं काहीच ठरलेलं नसतं. दुपारी घरी आले. पाच वाजता हात आपोआप मिक्सरच्या भांड्याकडे गेला. ज्यांना सांगितलं त्यांनी मायेनंच म्हटलं, दुसरा आणा. कोणाचं चुकत नाही. पण त्यांना मी काय सांगू की मला दुसरा ससा नको होता, मला २०२० मधला तो बाजार उघडल्याचा दिवस परत हवा होता, आणि हातात गाजराची पिशवी नको होती.

वही ह्यांनी कपाटात ठेवलीय. ३० एप्रिलचा वजनाचा आकडा आहे, १ किलो ४२०. पुढं शब्द नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. नवी पहिली, नवी पोरं, निम्मी रडणारी. अक्षरांचा तक्ता भिंतीवर तोच, वीस वर्षं तोच. स सशाचा. पांढरा ससा, हातात भलंमोठं गाजर. परवा तिथपर्यंत आलो. एका मुलीनं विचारलं, "बाई, ससा काय खातो?" वर्ग एका आवाजात ओरडला, "गाजर!"

मी म्हटलं, "गवत खातो. वाळलेलं गवत."

"पण बाई, चित्रात गाजर हाय की."

घरी आले ती तशीच जिना चढून वर गेले. पोतं बाजूला केलं, सुतळी सोडली. पेंढीच्या आतली पानं अजून पिवळीधमक होती आणि वास मार्चातला होता. ओंजळभर पानं मोडून पिशवीत घातली. खाली आले तर आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पिशवीकडे बघितलं, काही विचारलं नाही. थोड्या वेळानं हरळीची एक जुडी बांधून त्यांनी त्या पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी वर्गात पानं हातोहात फिरवली. कोणी वास घेतला, कोणी कानात घातली, कोणी गालाला लावून टोचतंय म्हणालं. शेवटच्या ओळीत एक मुलगा बसतो, यंदाच गावाकडून आलाय, शाळा सुरू झाल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या हातात पान गेलं. त्यानं ते दोन बोटांनी मोडलं, कानाशी नेलं, मोडल्याचा आवाज ऐकला.

"बाई," तो म्हणाला, "ही तर वैरण हाय."